मोरपिशी रंगाचं कापड

भाचीचं लग्न आठवड्यावर आलेलं आणि माझ्या मोरपिशी साडीवर ब्लाउजच नव्हता. सून म्हणाली, "आई, उन्हात कुठे फिरताय? फोनवरून मागवते." मागवलं. फोनमध्ये मोरपिशी दिसलेलं कापड घरी आलं ते चक्क पोपटी! ते परत पाठवलं, तर दुसरं निळं आलं. तिकडे शिंपीणबाईंचा रोज तगादा, "काकू, कापड कधी देताय?" जिवाला चैन म्हणून नाही. शेवटी साडी पिशवीत घातली आणि डोंबिवली स्टेशनजवळचं जुनं मॅचिंग सेंटर गाठलं.

माझे एके काळचे सगळे ब्लाउज इथलेच. हे दुकानदार ट्यूबलाइटखाली रंग कधी ठरवत नाहीत. कापड घेऊन फुटपाथवर येतात, साडीला लावून धरतात आणि म्हणतात, "आता उन्हात बघा." या वेळी मात्र ते जागचे हललेच नाहीत.

"वहिनी, मोरपिशी ठेवणं बंद केलं. त्यात चार-पाच छटा ठेवाव्या लागतात. घ्यायला येतंय कोण?"

"अहो, मी आले ना!"

"आलात खऱ्या. मागच्या वेळी आलात तेव्हा माझे केस काळे होते."

मग त्यांनीच साडीच्या आतल्या टोकाचा एक धागा ओढून कागदात ठेवला. "उद्या कल्याणला माल आणायला जातोय. तिथे जुळलं तर फोन करतो."

तेव्हापासून फोन माझ्या हातातून सुटत नाही. अंघोळीला जातानासुद्धा सुनेला बजावते, वाजला तर उचल. ती हसते, "आई, आता काय मागवलंत?"