बालवाडीच्या फाटकात
तापाच्या गोड औषधाचा वास आला की आम्ही मस्तगडला राहायचो तेव्हाची ती सकाळ आठवते. लेकीचं अंग कोमट होतं, नाक गळत होतं. "आज नको पाठवू," म्हणून नवरा कामावर निघून गेला. मी पुन्हा सुट्टी मागितली असती, तर कापडाच्या दुकानातलं माझं काम गेलं असतं. सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. औषध पाजून मी तिला बालवाडीत नेलं. फाटकातच बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला. "अंग गरम हाय, ताई. घरी घेऊन जा." तेवढ्यात लेकच म्हणाली, "मला काई न्हाई झालं, बाई. आई, तू जल्दी जा, दुकान उघडलं असंल." माझ्याकडं न बघता बाईंनी तिला आत घेतलं. आता ती कॉलेजात आहे. काही दुखलं-खुपलं तरी मला सांगत नाही.