मिस्त्रीचा पटाचा बैल

रशीद मिस्त्रीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, गाड्यांची दुखणी राहत. रस्त्यात कोणी रामराम केला की तो आधी विचारी, "काय भाऊ, खोकला गेला का?" हे तो जीपबद्दल विचारत असे. नव्या माणसाला वाटे आपल्यालाच विचारतो आहे. तो बिचारा आपल्या छातीचं सांगत बसे आणि मिस्त्री मान हलवून म्हणे, "कार्बोरेटर साफ करा लागते."

ब्रह्मपुरीत आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे त्याचं गॅरेज होतं. वर टिन, खाली काळी पडलेली जमीन, आणि दुरुस्तीला आलेल्या काळ्या-पिवळ्या जीपा. मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसे. एकदा तिकडूनच ओरडला, "बाई, तुमच्या बोअरच्या मोटरीचं बेअरिंग चाललं. आठ दिवस काढन."

मी म्हटलं, "तुमचे कान चालले असतीन."

नवव्या दिवशी मोटर बंद पडली. तेव्हापासून मी त्याच्या कानांशी वाद घातला नाही. बाकी सगळ्याशी घातला.

अशा शहाण्या माणसानं एक दिवस ट्रकवर घालून पिवळी गाडी आणली. कोरपन्याकडच्या एका ठेकेदाराच्या पोराची ती शर्यतीची विलायती गाडी. पोराचं मन भरलं, गाडी बंद पडली, दोन वर्षं उभी राहिली आणि शेवटी ट्रॅक्टरच्या भावात मिस्त्रीच्या गळ्यात पडली. जमिनीला टेकलेली, रुंद, डोळे वटारलेली. गावानं त्याच दिवशी तिचं नाव 'बेडूक' ठेवलं. मिस्त्रीची बायको शमीम शिवणकाम करी. ती कात्री हातात घेऊनच बाहेर आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, "बाई, यात दोघंच बसतेत. आमी तिघं. तिसऱ्याले काय टपावर बसवू?"

मिस्त्री म्हणाला, "टप बी कमजोर हाय तिचा."

गाडी ठेवायला त्याच्याकडे जागा नव्हती. माझे बैल विकून झाले होते आणि बैलांचा कोठा रिकामा होता. मिस्त्री कोठा मागायला आला तेव्हा मी त्याला बसवलं आणि माझ्या बापाची गोष्ट सांगितली. माझ्या बापाकडे पटाची जोडी होती. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे काय हे सांगायला नको. बैलांच्या शर्यतीपायी माणूस अर्धा वेडा होतो, माझा बाप पूर्ण झाला होता. पटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत. तो नुसता खातो. जोडीला दूध, अंडी, सरकी. आम्हाला आंबील. चौथी पास झाल्यावर माझी शाळा सुटली, कारण जोडीला रोज गवत आणायला कोणीतरी लागत होतं. बापावर माझा राग नाही. तो मेला, बैलही मेले. पण गवताचा भारा डोक्यावर घेऊन मी शाळेवरून जाई आणि आतून पाढे ऐकू येत, ते मी विसरलेली नाही.

मग मी मिस्त्रीला म्हटलं, "हे गाडी नोहे, पटाचा बैल हाय. कोठा घ्या, भाडं नोको. पण तुमच्या सनाची शाळा या बेडकापायी सुटली, तर त्याच दिवशी मी तो रस्त्यावर लोटीन."

सना म्हणजे त्यांची एकुलती एक पोर, तेव्हा नववीत होती. मिस्त्री म्हणाला, "कबूल. शपथ घेतो." आणि उठून गाडीच्या मागच्या बाजूला गेला, तिथं हात ठेवला.

मी म्हटलं, "बुडाले हात लावून शपथ घेते का कोणी?"

"बाई, हिचं इंजिन मांगं हाय," मिस्त्री म्हणाला. "काळीज तिथीच हाय."

सहा महिने खपून त्यानं गाडी चालू केली. तोवर आम्हाला सगळ्यांना कळून चुकलं होतं की ती घेणं हा खर्चच नव्हता, खर्च पुढं होता. जीपला जेवढं ऑईल वर्षभर पुरतं तेवढं ती एका वेळेला पिई, आणि तेही साधं नाही, डब्यावरच्या पत्त्यावर लिहून मागवलेलं. एका टायरात चार बकऱ्या आल्या असत्या. टायर चार, म्हणजे सोळा बकऱ्या, आणि दोन पावसाळ्यांत ते गुळगुळीत. ब्रेकचे गुटके तर तिला असे लागत जसे आपल्याला विड्याला चुना. मिस्त्री नागपूरला फोन करून एखाद्या भागाची किंमत विचारी. तिकडून आकडा आला की हा "हॅलो, हॅलो, आवाज येत नाई" म्हणून फोन बंद करी. आवाज स्वच्छ येत असे. मला ओसरीत येत होता.

"रोज चालवत नाई, मंग खर्च कायचा?" शमीम विचारी.

"उभी राह्यली का बॅटरी मरते, रबर कडक होते. हिले उभं ठेवाचा खर्च वेगळा, चालवाचा वेगळा." मिस्त्री हे असं सांगे की जसा काही तो गाडीचा गुणच आहे. दर शुक्रवारी नमाज पढून आला की तो कोठ्यात गाडी दहा मिनिटं चालू ठेवी. माझ्या कोंबड्यांनी शुक्रवारी अंडी देणं सोडलं. शनिवारचाही काही भरवसा नसे.

उंदरांचं तर मला आधीच कळायला हवं होतं. कोठ्याच्या बाजूला माझ्या धानाची कोठी. उंदरांनी धान सोडलं आणि गाडीच्या वायरी खाल्ल्या. मिस्त्री चार दिवस कोठ्यात उताणा पडून वायरी जोडत होता. मी विचारलं, "माह्या धानात का कमी होतं?"

"मांजर पाळा बाई," तो खालून म्हणाला, "गाडीच्या खर्चात तिचं दूध मी लिवून घेतो." आणि खरंच, रोज अर्धा पाव दूध त्यानं दोन वर्षं दिलं.

ती चालवतानाची मजा वेगळीच. आमच्या घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत सात स्पीड ब्रेकर. बेडकाचं पोट प्रत्येकाला घासे. म्हणून मिस्त्रीनं सागाच्या दोन फळ्या केल्या. सना पुढं चालत जाई, ब्रेकरला फळ्या लावी, गाडी वर चढून खाली उतरे, मग सना फळ्या उचलून पुढच्या ब्रेकरकडे जाई. तासाला तीनशे जाणारी गाडी सनाच्या चालीनं गावाबाहेर पडे. जीपवाले बाजूनं ओरडत, "मिस्त्री, कुठंवर जाते हे?"

"पेट्रोल पंपापर्यंत," मिस्त्री म्हणे. लोकांच्या आधी तो स्वतःच हसे, म्हणून त्याला कोणी चिडवू शकलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं चुकवली नाही. दर जूनमध्ये सनाच्या फीची पावती आधी माझ्याकडे येई. मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडा आणि शिक्का कळतो. मी तो पाही आणि परत देई. त्यानंतर वर्षभर बेडकाला काय खाऊ घालायचं ते घालो.

मग ते पटाचं झालं. सना बारावीला होती. धान कापून झालं होतं, शेतं मोकळी. बाजूच्या गावात पट भरला आणि गावकऱ्यांनी मिस्त्रीला गळ घातली की जोड्या धावून झाल्या की बेडूक धावू दे. फळ्या लावत लावत गाडी तिथवर नेली. मी आणि शमीम बाया बसल्या होत्या तिथं होतो. मिस्त्रीनं गाडी पटाच्या टोकाला उभी केली, कान देऊन ऐकलं आणि सोडली.

बापाची जोडी मी एकदाच धावताना पाहिली होती, गवत कापायचं सोडून, बांधावर उभी राहून. त्यानंतर तसं काही पाहिलं नव्हतं. मोजून आठ-दहा दमांचा खेळ. कोणीतरी जोरात ओरडत होतं. शमीमनं माझा हात ओढला आणि म्हणाली, "बाई, खाली बसा, पदर पडला." तेव्हा कळलं की ओरडणारी मीच होते.

पटाचा बैल धुरा, म्हणजे शेताचा बांध, आला की आपोआप वळतो. गाडीला ते कोणी शिकवलं नव्हतं, आणि मिस्त्रीनं आयुष्यभर डांबरी रस्त्यावरची इंजिनं ऐकलेली. धुरा त्याला दिसला तेव्हा उशीर झाला होता. बेडूक पोटावर धुऱ्यावर बसला, चारही चाकं हवेत. शेवटी बैलजोडी आणून ओढून काढावा लागला. जोडीवाला म्हणाला, "मिस्त्री, दोन नंबरची जोडी आणली हाय. एक नंबरची दमली." सगळा पट हसला. मिस्त्रीही हसला, पण खाली वाकून पाहिल्यावर थांबला. धानाच्या तणसावर तेल गळत होतं. गिअरपेटी फुटली होती.

नागपूरहून किंमत आली तेव्हा त्यानं "हॅलो, हॅलो" केलं नाही. पूर्ण ऐकली. सनाला नागपूरच्या फार्मसी कॉलेजात जायचं होतं. पहिल्या वर्षाची फी आणि होस्टेल मिळून जेवढे होत, जवळजवळ तेवढीच गिअरपेटी. एवढी रक्कम घरात एकच होती. एकतर पोर जाणार होती, नाहीतर गाडी चालणार होती.

मी अटीची आठवण काढली नाही. अट एकदा घातली की घातली, रोज उगाळायची नसते. पण त्या महिन्यात एक जीप त्याच्या शेडसमोरून कडकड वाजत गेली आणि मिस्त्रीनं मान वर केली नाही. शमीम मला हळूच म्हणाली, "कान बंद झाले याचे."

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी तो कोठ्यात गाडी धूत होता.

"काऊन धुऊन राह्यले?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक येऊन राह्यलं नागपूरहून."

गिऱ्हाईक म्हणजे अशाच गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपचा मालक. मिस्त्रीनं त्याला फुटकी गिअरपेटी दाखवली. मग न विचारता बाकीची दुखणी सांगत सुटला. इथं उंदरांनी खाल्लं, ही वायर मी जोडली, हा धातूच्या कड्यासारखा बूश बाहेर मिळत नाही म्हणून मी घडवला, थंडीत इंजिन असं बोलते, उन्हाळ्यात तसं. मी मागून खुणावलं, गप बसा, भाव पडेल. तो म्हणाला, "बाई, दुखणं लपवून गाडी देत नसतो मी." भाव पडलाच. पण तो मालक बूश हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "गाडी नेतो. तुम्हीपण चला, कामाला."

असा बेडूक गेला, आणि पंधरा दिवसांनी मिस्त्रीही बिऱ्हाड घेऊन नागपूरला गेला. जाताना फीची पावती दाखवायला आला. मी आकडा पाहिला, शिक्का पाहिला. शमीम रडली. मी रडले नाही, मला ते जमत नाही. मिस्त्री म्हणाला, "बाई, मोटरीचं बेअरिंग बदलून ठेवलं हाय. पाच वर्षं पाहा लागत नाई." मांजर माझ्याकडेच राहिली, आणि तिचं दूधही माझ्याकडेच आलं.

पाच वर्षं बेअरिंगनं काढली, तो म्हणाला होता तशी. त्यानंतर मोटर कुरकुरायला लागली. समोर आता मोबाईलचं दुकान आहे, त्या पोराला काय कळणार. मी फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "फोन मोटरीजवळ धरा." मी धरला. तिकडे तो ऐकत होता. डोळे मिटले असणार.

"बेअरिंग नोहे, आतला रबर हाय. तीस रुपयाचा. घाबरू नोका." मग म्हणाला, "बाई, कोठा रिकामा हाय का?"

मी म्हटलं, "सनाची शाळा?"

"झाली. दवाखान्यातल्या औषधीच्या दुकानात नोकरी लागली तिले. पहिला पगार बी आला."

"मंग आता काय घेतलं?"

"लाल हाय. जुनी हाय. वर्कशॉपात जागा नाई देत मालक." मग आवाज खाली करून, "थोडीशी खोकलते."

"कोठ्यात बकऱ्या हायेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बकऱ्या संध्याकाळपर्यंत ओसरीला बांधल्या. कोठा झाडला. त्याच्या त्या सागाच्या दोन फळ्या मी दारापुढच्या नालीवर टाकून ठेवल्या होत्या, त्या काढून धुतल्या आणि भिंतीला टेकवून वाळत घातल्या. सातचे आता नऊ ब्रेकर झाले आहेत.