तीन बोटांची भाकर

पार्वतीकाकू गेल्याचं मला पुण्याच्या चुलतभावानं फोनवर कळवलं. एकाच भिंतीच्या अलीकडं राहणाऱ्या माझ्या बापानं नाही! महिना होऊन गेला, तो राग अजून निवळत नाही.

माजलगावजवळच्या आमच्या घरात एकेकाळी सोळा माणसं जेवायची, आणि भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट एकच होती. काकू थोरली सून. मी दहा वर्षांची असताना थोरले काका आणि वडील वेगळे झाले. रान वाटलं, म्हशी वाटल्या, अन् पेटलं ते काठवटीवरून. शिव्या झाल्या, काठ्या झाल्या, काकांचं डोकं फुटलं. मग वडिलांनी कुऱ्हाड उचलली, आता अर्धी-अर्धीच करतो म्हणाले. काकूनं पिठासकट काठवट पोटाशी धरली... घाव काठावर बसला आणि तिची दोन बोटं पिठात पडली. मी पाहिलंय ते. दवाखान्यात तिनं सांगितलं, कडबा तोडताना लागलं. या एका खोट्यानं माझा बाप तुरुंगातून वाचला.

घरात भिंत आली. काकूनं गवंड्याशी भांडून चुलीजवळ ताट जाईल एवढी खिडकी ठेवली. पुढं माझं लग्न झालं, तिची पोरं पुण्याला गेली, माझी आई वारली. सोळा माणसांच्या घरात काका, काकू आणि वडील अशी तीन म्हातारी माणसं उरली. आई गेली त्या दिवसापासून काकू खिडकीतून वडिलांना जेवण द्यायची. भाकरीवर तीनच बोटांचे ठसे. वडील मुकाट खायचे. बारा वर्षं! मी त्यांच्याशी भांडले की काकू मलाच दटावायची.

"त्याला लाज लई हाय गं. एकदा इकडं येऊन पाटावर जेवला म्हंजे मिटलं माझं."

एवढंच हवं होतं बाईला. दहा पावलं.

तेराव्याची पंगत उठली आणि वडिलांनी टिकाव काढला. काका दचकून मागं सरकले. घाव भिंतीवर बसला. दुसरा, तिसरा... विटा उडत होत्या, वडिलांच्या हातातून रक्त गळत होतं, जवळ जायची कुणाची छाती होईना. शेवटी काका म्हणाले, "आता कामून फोडतो रं? वाढणारी गेली."

वडिलांचा हात थांबला. ढिगाऱ्यावरून ते पलीकडं गेले, विझलेल्या चुलीपुढं पाटावर बसले. काठवट तिथंच होती. ती त्यांनी मांडीवर घेतली, काठाच्या खाचेत बोटं घातली. खाचेत तिचं पीठ वाळून बसलं होतं.

ते ताटाची वाट बघत बसले. मी वाढलं नाही.