फोन होल्डवर असताना

परवा डेंटिस्टकडे फोन केला तर होल्डवर तीच पियानोची धून लागली आणि कॅनडातल्या कॅल्गरीमधला तो जानेवारी आठवला. ले-ऑफ होऊन तीन महिने झाले होते, बेकारी भत्ता कुठल्याशा कागदावाचून अडला होता, आणि हीटिंग कमी केलेल्या बेसमेंटमध्ये जॅकेट घालून मी दीड तास सरकारी ऑफिसचा फोन कानाला लावून बसले होते. तेवढ्यात दुसरा कॉल आला. ज्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू चांगला झाला होता, तिचाच नंबर. "अगं, घे ना तो!" नवरा म्हणाला. "हा कट झाला तर? काल झालाच होता," मी म्हणाले, आणि तो वाजून वाजून थांबला. वीस मिनिटांनी लाइनवर आलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही रोज काम शोधताय ना?" मी हो म्हणाले. मग धावतपळत कंपनीला फोन लावला. "सॉरी, तुम्ही उचलला नाहीत, म्हणून यादीतल्या पुढच्यांना विचारलं. ते हो म्हणाले." आठवड्याने भत्ता सुरू झाला, तेव्हा नवरा म्हणाला, "चला, एक तरी काम झालं." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आता नोकरी आहे, बरी आहे. पण तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.