पोरीचं नाव अनघा

आमच्या वहिनी कुणालाही भेटल्या की आधी नावाचा अर्थ विचारायच्या. पारनेरजवळच्या आमच्या गावात असलं कुणी कधी विचारलं नव्हतं. एकदा विहिरीवर त्यांनी धोंडाबाईला विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "दोन भावंडं गेली, मंग मी झाले. धोंड्यावानी टिकावी म्हून धोंडा. त्यात आनि काय अर्थ आसायचाय?" वहिनी घरी येऊन म्हणाल्या, "वन्सं, केवढा अर्थ आहे हो त्यात!"

मला त्या आवडायच्या नाहीत, हे आता लिहायला हरकत नाही. मूल होईना म्हणून सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं, त्याच वर्षी संगमनेरला कॉलेजात वर्षभर शिकलेल्या वहिनी आमच्या घरात आल्या. दादा त्यांना विचारल्याशिवाय बी-बियाणंसुद्धा आणीना. आई त्यांच्याच हातचा चहा मागायची. आणि वर्षाच्या आत त्यांना दिवस गेले.

मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं, ते ठरलेलंच होतं. संस्कृतच्या सरांनी वर्गात फोड करून सांगितलेलं नाव त्यांनी जपून ठेवलं होतं. "अघ म्हणजे पाप. पाप जिला शिवलं नाही, ती अनघा." पोटावर हात ठेवून त्या सांगायच्या आणि मी खाली मान घालून बाजरी पाखडत राहायचे. मूलही यांनाच आणि असलं नावही यांनाच!

मुलगीच झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वहिनींनीच मला हाताला धरून पाळण्याजवळ नेलं. बाळ थेट त्यांच्यासारखं होतं. मी वाकले, "कुर्रर्र" केलं आणि हळूच म्हणाले, "नकुशी."

पाळण्याची दोरी वहिनींच्या हातात होती. ती थांबली. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अनघा! आमच्या वन्संनी अनघा ठेवलं!" बायकांनी हसत माझ्या पाठीत धपाटे घातले.

पुढं तीन वर्षं आम्ही एका घरात राहिलो. त्या विषयावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पोरगी बोलायला लागली, तेव्हा कुणी नाव विचारलं की म्हणायची, "अनघा. आत्यानं ठेवलं." मी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

दादाला साखर कारखान्यात नोकरी लागली. बिऱ्हाड घेऊन ती तिघं निघायच्या दिवशी एसटीची वाट बघताना मला राहवलं नाही. "वहिनी, त्या दिवशी तुमी ऐकलं हुतं ना?"

"ऐकलं की." त्यांनी पोरीला माझ्या कडेवर दिलं. "पण हिनं कुठं ऐकलं, वन्सं? ही तर झोपली होती."