बहिणीची सही

आईला माहेरी नेऊन आणायचं, एवढंच त्या रविवारचं काम होतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी इंदापूरला शाळेत शिकवत होते. आमच्या ह्यांनी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती आणि दर रविवारी कुणाला तरी कुठंतरी न्यायची त्यांना हुक्की यायची. आई जवळच आमच्या गावी माझ्या धाकट्या भावाकडं राहायची. दोन वर्षं मामाकडून ना निरोप, ना बोलावणं. "दादाचं बरं चाललंय का न्हाय, कुणास ठावं," हे तिचं रोजचं पालुपद. शेवटी मीच म्हटलं, चल, एकदा जाऊनच बघू.

खरं तर मामाचा विषय निघाला की माझं डोकं फिरायचं. आजोबा वारल्यावर सातबाऱ्यावर मामाच्या जोडीला आईचंही नाव लागलं होतं. मग एक दिवस मामा भारीतली साडी घेऊन आला, आणि आई त्याच्यासोबत बारामतीला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आली. बापाच्या रानातला माझा वाटा मी भावाला सोडला, असं लिहून द्यायचं. आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. जी देत नाही, तिला माहेराची पायरी बंद. "निदान मला विचारायचंस तरी!" म्हणून मी तेव्हा आकांडतांडव केलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मला काय करायचं हाय रान? माहेर राह्यलं म्हंजे झालं."

काटेवाडीपर्यंत सगळं ओळखीचं होतं. ऊस, मध्येच एखादा गोठा, एखादा कोबीच्या रानाचा तुकडा, पुन्हा ऊस. पुढं बारामती जवळ येऊ लागली तसा ऊस तुटक तुटक झाला. सपाट केलेल्या रानांत चुना फासलेले दगड ओळीनं पुरलेले, आणि रस्त्याकडेला कमानी. प्रत्येक कमानीवर कुठल्यातरी 'नगरा'चं नाव, आत मात्र एक घर असेल तर शपथ. ह्यांना कोण आनंद! "बघितलंस? बारामती कुठवर आली!" जणू ह्यांनीच ढकलत आणली होती.

"समोर बघून चालवा," मी म्हटलं.

आई पुढच्या सीटवर काचेला नाक लावून बसली होती. "चिंच दिसली की डावीकडं वळा, जावईबापू." चिंच काही दिसली नाही. बघता बघता बारामतीच आली. परत फिरलो, पुन्हा चुकलो. रस्ता रुंद झालेला, झाडं गेलेली, बांध मोडलेले. "आसं कसं हुतंय?" आई स्वतःशीच म्हणत होती. शेवटी वाट विचारायला म्हणून एका कमानीपाशी थांबलो. आत छोटा मांडव होता.

वाट विचारायची राहिलीच. मांडवातल्या एजंटानं "या साहेब, बसा मावशी" करत खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि टेबलावर नकाशा पसरला. हे लागले प्लॉट बघायला. मी डोळे वटारले, पण तेवढ्यात आईच नकाशावर वाकली आणि तिनं समोरचा एक कोपरा दाखवला. "घ्यायचा तर त्यो घ्या. सकाळचं ऊन यील दारात."

"मावशींची पारख बघा!" एजंट म्हणाला. "तितं पाण्याचीबी चिंता न्हाय. विहीर हुती तितं. आमी बुजवली, पण झरं जितं हायती."

"कुणाची विहीर?" आईनं विचारलं.

पण ह्यांचं भलतंच. "कागदपत्रं स्वच्छ आहेत ना?"

"एकदम क्लिअर!" त्यानं फाईल उघडली. "मालकाला एकच बहीण. तिचीबी हक्कसोड घेतलीया. उद्या कोण बाई भांडायला यायची न्हाय, ही माझी गॅरंटी." आणि त्यानं कागद आमच्यापुढं सरकवला.

खाली आईची सही होती. चौथी शिकलेल्या हाताची, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेली. मी मान वर केली, तर आईनं ती माझ्याआधीच ओळखली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, तशी आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मालक कुठं ऱ्हातो आता?" तिनं एजंटाला विचारलं.

"पुण्याला. फ्लॅट घेतलाय, वर्ष झालं की. का, वळखीचा हाय का तुमच्या?"

"व्हती वळख," आई म्हणाली.

ती उठून मघाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. विहिरीचा मागमूससुद्धा नव्हता, नुसता मुरूम पसरलेला. थोडा वेळ उभी राहिली आणि गाडीत येऊन बसली.

परतीच्या वाटेवर माझीच बडबड चालू होती. मामाला, त्या एजंटाला, ह्यांनासुद्धा मी सोडलं नाही. काटेवाडी मागं पडल्यावर आई म्हणाली, "रानाचं काय वाटत न्हाय गं. दादानं मला सांगितलंबी न्हाय." आणि पदर तोंडाला लावून रडली. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. कारण आईला एवढं टोचून बोलणारी मी, माझ्या माहेरच्या रानाचं मात्र वेगळं ठरवून बसले होते. भावानं मागितली की सही देऊन टाकायची, उगाच वाईटपणा कशाला, असं आईला बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा ती खूश झाली होती.

घरापुढं गाडी थांबली. भाऊ हसत पुढं आला. "ताई, जेवूनच जायचं हं!"

आईनं दाराच्या कडीला घातलेला हात तसाच ठेवला आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"त्येला सही द्यायची न्हाय," ती म्हणाली.

"आई, हळू बोल. ऐकेल तो."

"ऐकू दे की," आई म्हणाली आणि खाली उतरली.