नहूमनी गाळलेली ओळ

आमच्या जेरुसलेमच्या गल्लीत नहूम अमेदींची खाणावळ होती. आंबट रश्शातले त्यांचे कुब्बे, म्हणजे खिमा भरलेले रव्याचे गोळे, खायला लोक लांबून यायचे. पण नहूमचा खरा अभिमान निराळाच. आमची आदिमाता सारा हिच्या दफनाचा अध्याय येतो त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, प्रार्थनागृहात राजांच्या पुस्तकातला उतारा वाचायचा मान त्यांच्या घराण्याचा. दावीदराजा म्हातारा झालाय, पांघरुणं घालूनही ऊब येत नाही, आणि मुलगा अदोनीया बाप जिवंत असतानाच ‘मीच राजा’ म्हणून मिरवतोय. नहूम ते सुरेल वाचायचे.

“बाकीचे राजे दगडावर नुसते विजय कोरून घेतात,” ते म्हणायचे. “आमच्या राजाची घरातली भांडणंसुद्धा लिहून ठेवलीत!”

मग नहूम दवाखान्यात पडले. त्यांच्या थोरल्या मुलानं, एलियावनं, खाणावळीचं कुलूप बदललं आणि धाकट्या भावाला, मनश्शेला, दारातूनच परत पाठवलं. मनश्शे बॅग घेऊन हैफाला गेला, तो परत आला नाही. नहूम घरी आले, सगळं कळलं, तरी गप्प.

मी शेजारीण, न राहवून म्हटलं, “विचारा की एलियावला!”

“रिव्का, विचारलं की घर फुटतं.”

घर तर फुटलंच होतं.

अशी काही वर्षं गेली. मग दुखण्यानंतर पहिल्यांदाच नहूम त्या शब्बाथला वाचायला उभे राहिले; मी वर बायकांच्या सज्जात बसले होते. नहूम अदोनीयापर्यंत आले आणि एक ओळ गाळून पुढे गेले. आमच्यात वाचणारा एक शब्द चुकला तरी सगळे ओरडतात. इथे तर अख्खी ओळ!

“मागे जा, नहूम!”

ते थांबले, पण मागे जाईनात. व्यवस्था पाहणारे बारूख खेकसले, “लिहिणाऱ्यानं दावीदराजाला सोडलं नाही, तुला सोडेल होय? वाच!”

नहूमनी वाचलं. सूर नव्हताच. “त्याच्या बापानं ‘तू असं का केलंस?’ असं विचारून त्याला जन्मात कधी दुखवलं नव्हतं.”

पहिल्या रांगेत एलियाव मान खाली घालून बसला होता.

बाहेर पायरीवर नहूमनी त्याचा दंड धरला. “का केलंस रे असं?”

एलियावचे डोळे भरले. “हे आता विचारता, आब्बा? त्या आठवड्यात विचारलं असतंत, तर मी हैफाला जाऊन त्याच्या पाया पडलो असतो. मी वाट बघत होतो, तुम्ही ओरडाल म्हणून. आता तो फोनसुद्धा उचलत नाही.”

नहूम पायरीवरच बसले. “मला वाटलं, मी माया करतोय.”

“दावीदलाही तसंच वाटलं असेल,” बारूख म्हणाले. या वेळी टोमणा नव्हता.

त्या हिवाळ्यात नहूम गेले. मनश्शे आला तो मातीला. दुखवट्याचे सात दिवस दोघे भाऊ रिवाजाप्रमाणे खाली जमिनीवर शेजारी शेजारी बसले. मी रोज मसुराचं सूप नेऊन द्यायची, दोघं प्यायचे. कुणी कुणाला काही विचारलं नाही.